वारशाने मिळालेल्या घराला टायटल इन्शुरन्स लागतो का? (अमेरिका)

मेधा_ब

नमस्कार मंडळी. बाबा मार्चमध्ये गेले, आई त्यांच्या आधीच गेली होती. न्यू जर्सीतलं त्यांचं घर मृत्युपत्राप्रमाणे मला आणि दादाला निम्मं-निम्मं मिळालं आहे. घर १९९६ साली घेतलेलं, कर्ज केव्हाच फिटलंय. मी एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी) आहे आणि सरोगेट कोर्टातून मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मान्यता, झालंय. आता घर आमच्या दोघांच्या नावावर करायला वकील एक्झिक्युटर्स डीड (हस्तांतराचा दस्त) तयार करताहेत. त्यांच्या ऑफिसातून विचारणा आली, की याच वेळी नवी टायटल इन्शुरन्स पॉलिसी (घराच्या मालकी हक्काचा विमा) घ्यायची का? प्रीमियम काही हजार डॉलर आहे.

दादा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, घर बाबांचं, आपण दोघंच त्यांची मुलं, तिसरा कोणी दावेदार नाही, मग विमा कशाचा उतरवायचा? मला पटतंय, पण एवढ्या मोठ्या गोष्टीत नुसतं पटलं म्हणून पुढे जायचा धीर होत नाही. पुढेमागे दादाचा हिस्सा विकत घेऊन मीच त्या घरात राहायला जाईन असंही मनात आहे, अजून नक्की नाही. कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

खारीबिस्कीट

माझ्या मते गरज नाही. बाबांनी घर घेतलं तेव्हा टायटल सर्च (मालकीच्या नोंदींची तपासणी) झाला असणारच, त्याशिवाय बँकेने कर्ज दिलं नसतं. तेच टायटल आता तुमच्याकडे येतंय. सासऱ्यांचं घर आमच्याकडे आलं तेव्हा हा विषयही निघाला नव्हता. नंतर ते विकलं तेव्हाही काही अडलं नाही.

अनुराधा_के

मी उलट सांगेन, घ्या. नवऱ्याच्या काकांचं घर त्यांच्या दोन मुलांना मिळालं. सगळं सुरळीत होतं, आणि मग काकांच्या पहिल्या लग्नाच्या मुलीकडून वकिलाचं पत्र आलं. तिच्याबद्दल घरात कोणाला धड माहितीही नव्हती. शेवटी तडजोड झाली, पण वकिलांच्या फीमध्ये जे गेलं ते ऐकून धसका बसला. पॉलिसी असती तर निदान कोर्टाचा खर्च कंपनीने उचलला असता. घर ही अनेकांची आयुष्यातली सगळ्यात मोठी मालमत्ता असते, तिथे हजार-दोन हजारांकडे बघू नये.

वाटाड्या

मेधाताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टायटल तपासणीचं काम करतो. वकील नाही, त्यामुळे कायदेशीर सल्ला तुमच्या वकिलांचाच घ्या. पण रोज हीच कागदपत्रं हाताळतो म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

टायटल इन्शुरन्स मागच्या काळासाठी असतो. पॉलिसीवर एक तारीख असते. त्या तारखेच्या आधीच टायटलमध्ये असलेला पण तेव्हा न दिसलेला दोष, म्हणजे खोटी सही, सुटून गेलेला वारस, न फेडलेला बोजा, नंतर उघडकीला आला तर कंपनी तुमची बाजू लढवते आणि नुकसान भरून देते. प्रीमियम एकदाच. याची सुरुवात फिलाडेल्फियाची. १८६८ च्या वॉटसन विरुद्ध म्यूरहेड खटल्यात घर घेणाऱ्याला फटका बसला, कारण कागद तपासणाऱ्याने एक बोजा वकिलाच्या मतावर विसंबून सोडून दिला होता. कोर्ट म्हणालं, त्याने आपल्या परीने काळजी घेतली होती, त्याच्यावर जबाबदारी येत नाही. घेणाऱ्याला मग वाली कोण, या प्रश्नातून १८७६ साली त्याच शहरात पहिली टायटल इन्शुरन्स कंपनी निघाली. सांगायचा मुद्दा, ही पॉलिसी मुळात पैसे मोजून घर घेणाऱ्यासाठी तयार झाली. वारसाने पैसे मोजलेले नसतात. हे पुढे फार महत्त्वाचं ठरतं, त्यावर नंतर लिहितो.

तुमच्यासाठी पहिलं काम नवी पॉलिसी घेण्याचं नाहीच. बाबांची जुनी पॉलिसी शोधा. घर घेताना दोन प्रकारच्या पॉलिसी असतात. लेंडर्स पॉलिसी बँकेसाठी, ती कर्जाबरोबर संपते. ओनर्स पॉलिसी मालकासाठी, आणि ती ऐच्छिक असते. खारीबिस्कीट म्हणतात तसं बँकेने सर्च करून घेतला असेल, पण त्यातून फक्त बँकेला संरक्षण मिळालं असण्याची शक्यता आहे. बाबांनी ओनर्स पॉलिसी घेतली असेल तर मात्र तुमचं निम्मं काम झालंय. तिच्या व्याख्येत 'इन्शुअर्ड' म्हणजे फक्त बाबा नव्हेत. कायद्याने त्यांच्या जागी येणारे वारस, मृत्युपत्राने मिळालेले लाभार्थी, एक्झिक्युटर, सगळे त्यात येतात. त्यासाठी कंपनीला कळवावं लागत नाही, नवा प्रीमियम नाही. ती पॉलिसी आजही तुमच्या आणि दादाच्या पाठीशी आहे.

मेधा_ब

वाटाड्या, मनापासून आभार. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी बाबांच्या फायली काढून बसले. ते कागद जपण्यात फार काटेकोर होते, त्यामुळे सापडली! वर 'ओनर्स पॉलिसी' असंच लिहिलंय. शेड्यूल ए वर आई-बाबा दोघांची नावं, रक्कम १,८९,००० डॉलर, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात १०-१७-९२ असं काहीतरी आहे. पॉलिसी १९९६ ची असताना ही तारीख कसली? आणि घराची किंमत आज तिपटीहून जास्त आहे, त्याचं काय?

वाटाड्या

१०-१७-९२ ही पॉलिसीच्या नमुन्याची तारीख. अमेरिकन लँड टायटल असोसिएशन प्रमाण नमुने काढते, तुमच्याकडचा १९९२ चा आहे. नंतर २००६ आणि २०२१ मध्ये नवे आले. वारसांचा समावेश १९९२ च्या नमुन्यातही आहे, काळजी नको.

रक्कम मात्र आहे तिथेच राहते. उद्या १९९६ पूर्वीचा दोष निघाला आणि घरच हातचं गेलं तर जास्तीत जास्त १,८९,०००. तीस वर्षांत असा दोष वर आला नाही म्हणजे तो असण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही.

आता दुसरी बाजू. जुनी पॉलिसी १९९६ पर्यंतची जबाबदारी घेते. त्यानंतर बाबांच्या हयातीत जे झालं आणि वारसा तुमच्याकडे येताना जे होतंय, त्याला ती लागू नाही. होम इक्विटी कर्ज, छपराचं काम करून पैसे न मिळालेल्या कंत्राटदाराचा लिएन (घरावरचा बोजा), थकलेला कर, कोर्टाचा हुकूमनामा. बाबा नर्सिंग होममध्ये असतील आणि खर्च मेडिकेडने (गरजूंसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेने) केला असेल तर राज्य ती रक्कम इस्टेटीतून मागू शकतं, वयाच्या ५५ नंतरच्या अशा खर्चासाठी फेडरल कायद्यानेच राज्यांना ते बंधनकारक केलंय. तुमच्या बाबतीत धोका असलाच तर या मधल्या काळात आहे.

न्यू जर्सीचे दोन-तीन खास मुद्दे. मुलं क्लास ए मध्ये (करमाफ जवळच्या वारसांत) येतात, इनहेरिटन्स टॅक्स शून्य. तरी त्या टॅक्सचा बोजा मृत्यूच्या दिवशी आपोआप बसतो आणि १५ वर्षं राहतो. तो उठवायला एल-९ फॉर्म भरून राज्याकडून वेव्हर (बोजा सोडल्याचा दाखला) घ्यायचा आणि काउंटी क्लार्ककडे नोंदवायचा. देणं नाही म्हणून बरेच लोक हे करतच नाहीत, आणि दहा वर्षांनी घर विकताना गाडी तिथे अडते. धनकोंना दावा सांगायला मृत्यूपासून ९ महिने असतात. प्रोबेटला आव्हान द्यायला राज्यातल्या माणसाला ४ महिने, बाहेरच्याला ६. ही मुदत उलटायच्या आत पॉलिसी मागितलीत तर कंपनी या सगळ्या गोष्टी शेड्यूल बी मध्ये अपवाद म्हणून टाकण्याची शक्यता दाट. मग ज्याची भीती वाटते नेमकं तेच वगळलेली पॉलिसी हातात पडते.

आईचं मृत्यू प्रमाणपत्रही काउंटीत नोंदवून घ्या. नवरा-बायकोच्या नावावरचं घर मागे राहिलेल्याचं होतं, पण रेकॉर्डवर आई अजून मालक दिसत असेल.

शिशिर_फिली

वाटाड्यांच्या 'मधल्या काळा'वर एक प्रत्यक्ष उदाहरण. मेहुण्याच्या वडिलांनी २००४ मध्ये क्रेडिट लाइन घेतली, पूर्ण फेडली, बँकेचं 'झिरो बॅलन्स'चं पत्रही घरात होतं. पण बँकेने काउंटीत डिस्चार्ज (कर्ज फिटल्याचा कागद) नोंदवलाच नाही. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, दुसरी तिसरीत. वडील गेल्यावर घर विकायला काढलं तेव्हा सर्चमध्ये ते कर्ज जिवंत दिसलं. ते पत्र होतं म्हणून निभावलं, तरी क्लोजिंग (व्यवहार पूर्ण होणं) लांबलं आणि घेणाऱ्याचा रेट लॉक, म्हणजे ठरलेल्या व्याजदराची मुदत, संपला.

इथे पॉलिसीने काय केलं असतं? बहुधा फारसं काही नाही, कारण पैसे देणं लागतच नव्हतं. उपयोग झाला असता तो वेळेवर सर्च करण्याचा. मेधा, पॉलिसी न घेता नुसता टायटल सर्च करून मिळतो. पॉलिसीच्या मानाने फार थोडा खर्च.

अनुराधा_के

सर्च पटला. पण सर्चमध्ये दिसतं ते नोंदलेलं. आमच्या काकांची मुलगी कुठल्या काउंटीच्या रेकॉर्डवर दिसणार होती? न दिसणाऱ्या गोष्टीसाठीच तर विमा. त्या बाबतीत वारसांनी पॉलिसी घ्यायलाच हवी होती असं मला अजूनही वाटतं.

वाटाड्या

अनुराधाताई, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि कोर्टाच्या खर्चाबद्दल तर शंभर टक्के. टायटल पॉलिसीचा खरा उपयोग पुष्कळदा बचावाच्या खर्चातच असतो.

पण मी आधी पैसे मोजण्याबद्दल जे म्हटलं ते इथे येतं. ओनर्स पॉलिसीत 'एक्सक्लूजन्स' असा भाग असतो. त्यातलं तिसरं कलम वाचा. तुम्ही स्वतः निर्माण केलेला किंवा मान्य केलेला दोष वगळलेला. तुम्हाला माहीत होता पण कंपनीला लेखी कळवला नाही तो दोष वगळलेला. पॉलिसीच्या तारखेनंतरचं सगळं वगळलेलं. आणि शेवटचं पोटकलम, ३(ई), २००६ च्या नमुन्यात साधारण असं सांगतं, की तुम्ही या टायटलसाठी मोल दिलं असतं तर जे नुकसान झालं नसतं, ते आम्ही भरून देणार नाही.

वारसासाठी कळीचं वाक्य हेच. प्रामाणिकपणे, माहिती नसताना, पैसे मोजून घर घेणाऱ्याला कायदा बऱ्याच अज्ञात दाव्यांपासून वाचवतो. वारसाला ते कवच नाही, कारण त्याने मोल दिलेलं नाही. म्हणजे अचानक उगवलेल्या वारसाचा दावा आला, तर कंपनी म्हणू शकते की 'तुम्ही खरेदीदार असतात तर हा दावा टिकला नसता, मग आमची जबाबदारी नाही.' नेहमीच असं होईल असं नाही, खोटी डीड असेल तर खरेदीदारही वाचत नाही, तिथे हे कलम आड येणार नाही. पण खरेदीदाराच्या पॉलिसीइतकाच प्रीमियम भरून वारसाच्या हाती त्याहून पातळ पॉलिसी येते, हे घेण्याआधी माहीत असावं. वारसांना पॉलिसी सुचवणाऱ्यांनी हे कलम त्यांना वाचून दाखवलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

मृण्मयी_ऑ

हे वाचून मी माझी पॉलिसी काढून ते कलम शोधलं. आहे! आईकडून आलेल्या काँडोसाठी घेतली होती. निदान आता नेमकं काय आहे ते कळलं.

टेक्सासकर

मृत्युपत्र असलं तर एवढं सोपं. नसलं तर काय होतं ते लिहितो, कारण आपल्यातले खूप जण मृत्युपत्र करतच नाहीत.

टेक्सासमध्ये अशा वेळी बहुतेक कुटुंबं 'अ‍ॅफिडेव्हिट ऑफ एअरशिप' करतात. कुटुंब ओळखणारे पण इस्टेटीत काहीही न मिळणारे दोन साक्षीदार लागतात. लग्नं किती, मुलं किती, कोण हयात, सगळं शपथेवर. हा कागद म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. काउंटीत नोंदवून पाच वर्षं झाली की तो प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, त्याआधी घर विकायला गेलात तर टायटल कंपनी स्वीकारेल किंवा नाकारेल, सगळं तिच्यावर. मृत्युपत्र असलं तरी इथे ते मृत्यूपासून चार वर्षांत कोर्टात दाखल व्हायला हवं.

आणि एक. नवरा गेला, मृत्युपत्र नाही, आणि त्याला आधीच्या लग्नाचं मूल असेल, तर कम्युनिटी प्रॉपर्टीतला (लग्नानंतर मिळवलेल्या सामाईक मालमत्तेतला) त्याचा अर्धा भाग बायकोला न जाता त्याच्या मुलांना जातो. बाई त्याच घरात राहत असते आणि तिला वाटत असतं घर आपलं. अनुराधाताईंच्या काकांच्या गोष्टीवरून हे आठवलं.

सॅनहोजेकर

कॅलिफोर्नियातली बाजू. इकडे घर लिव्हिंग ट्रस्टमध्ये (मालकाने हयातीतच केलेल्या ट्रस्टमध्ये) ठेवायची पद्धत आहे, म्हणजे प्रोबेट टळतं. दोन गोष्टी मुद्दाम तपासा.

पहिली, घर खरंच ट्रस्टमध्ये आहे का. रीफायनान्स करताना बँक घर ट्रस्टमधून काढून वैयक्तिक नावावर आणायला लावते, आणि कर्ज झाल्यावर ते परत ट्रस्टमध्ये टाकायचं राहून जातं. आई-वडील गेल्यावर मुलांना ट्रस्ट सापडतो, त्याच्या यादीत घराचा पत्ता असतो, पण डीड वैयक्तिक नावावर. इथे त्यासाठी १९९३ च्या हेगस्टॅड निकालाच्या आधाराने अर्ज करता येतो. कोर्टाला पटलं तर घर ट्रस्टचं धरतात, नाहीतर पूर्ण प्रोबेट.

दुसरी गोष्ट मेधासारख्यांच्या जुन्या पॉलिसीबद्दल. १९९२ च्या नमुन्यात वारस येतात, पण मालकाने हयातीतच घर आपल्या ट्रस्टला दिलं तर ट्रस्टी त्या व्याख्येत सरळ येत नाही. २००६ च्या नमुन्यात ती सोय झाली. त्यात ते हस्तांतर क्विटक्लेम डीडने झालं असेल, म्हणजे देणारा कसलीच हमी देत नाही अशा कागदाने, तर जुन्या पॉलिसीचा धागा तिथेच तुटू शकतो. वारशाने येणं वेगळं आणि हयातीत डीड करून देणं वेगळं. 'प्रोबेट नको, आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू' असं म्हणत इंटरनेटवरचा क्विटक्लेमचा फॉर्म भरणारे आई-वडील मी पाहिलेत. त्यात पॉलिसी धोक्यात येतेच, वर मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने मिळणारा टॅक्स बेसिसही (विकताना नफा ज्या किमतीपासून मोजतात ती) मुलांच्या हातून जातो. कोणाचे आई-वडील आत्ता असं करायच्या बेतात असतील तर त्यांना कृपया थांबवा आणि आधी वकिलाकडे न्या.

डेस_मॉईन्स

आमच्या आयोवात खासगी टायटल इन्शुरन्स विकायलाच परवानगी नाही. वकील अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (मालकीच्या नोंदींचा गोषवारा) तपासून मत देतो आणि राज्य सरकारची 'आयोवा टायटल गॅरंटी' आहे. त्यामुळे हा सगळा धागा वाचताना आपापल्या राज्याचा नियम आधी बघा.

निलिमा_सीपीए

मेधा, तुझ्या पोस्टमधली एक ओळ वाचून थांबले. दादा भारतात आणि तू त्याचा हिस्सा विकत घेणार. तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल तर करासाठी तो परदेशी विक्रेता, आणि फर्प्टा (परदेशी विक्रेत्याच्या मालमत्तेच्या विक्रीवर कर कापण्याचा कायदा) लागू होतो. त्यात कर कापायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची, म्हणजे तुझी. सख्खा भाऊ असला तरी. साधारण दर किमतीच्या १५ टक्के. नफ्याच्या नाही, किमतीच्या. ती रक्कम हस्तांतरानंतर २० दिवसांत फॉर्म ८२८८ सोबत आयआरएसला पाठवायची. तू स्वतः राहायला घेत असशील तर सवलती आहेत, ३ लाख डॉलरपर्यंत कपात नाही, त्यावर १० लाखांपर्यंत १० टक्के. पण निम्म्या हिश्शाच्या खरेदीला हे कसं लागू होतं ते आधी सीपीएकडून लेखी घे.

प्रत्यक्षात दादाला कर फारसा बसणार नाही, कारण त्याचा बेसिस बाबा गेले त्या दिवसाच्या बाजारभावाइतका आहे. म्हणून आत्ताच त्या तारखेचं अप्रेझल (किमतीचं मूल्यांकन) करून ठेवा. कपात कमी करून घ्यायला फॉर्म ८२८८-बी आहे. या सगळ्यासाठी दादाला आयटिन (अमेरिकन करदाता क्रमांक) लागेल, त्याला वेळ लागतो, लवकर अर्ज करा. आणि त्याची डीडवरची सही मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये नोटराइझ होते, किंवा तिकडच्या नोटरीची सही घेऊन अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन). कुठलं चालेल ते टायटल कंपनीला आधी विचारा. सही होऊन कागद परत आला की मग कळतं असं होऊ देऊ नका.

वाटाड्या

निलिमाताईंनी फार मोलाचं लिहिलंय. त्यातच जोडतो, पॉलिसी घ्यायची खरी वेळ ती. दादाचा हिस्सा विकत घ्याल तेव्हा त्या अर्ध्या भागासाठी तुम्ही मोल देणार, मग ३(ई) ची अडचण त्या भागापुरती उरत नाही. कर्ज काढलंत तर बँक लेंडर्स पॉलिसी मागणारच, आणि त्याच वेळी सोबत ओनर्स पॉलिसी घेतली तर दोन्ही मिळून बऱ्यापैकी स्वस्त पडतात. तोवर धनकोंची मुदतही उलटलेली असेल आणि वेव्हर नोंदलेला असेल, म्हणजे अपवादही कमी. दादाकडून क्विटक्लेम घेऊ नका, निदान 'मी स्वतः यावर काही बोजा केलेला नाही' अशी हमी असलेली डीड घ्या.

गोदाकाठ

नाशिकहून वाचतोय. भारतात असं काही आहे का? आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव लागलं की मालक, असंच सगळे धरून चालतात.

शिशिर_फिली

गोदाकाठ, सातबाऱ्यावरची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही, सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. भारतात २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये बिल्डरने टायटलचा विमा काढण्याची तरतूद आहे, सरकारने अधिसूचना काढल्यास. वारसाने आपल्यापुरती अशी पॉलिसी घ्यायचा रिवाज तिकडे नाही. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, वारस नोंद आणि बहीण-भावांचं नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र, यावरच भिस्त. यावर वेगळा धागा काढा, बरेच जण लिहितील.

मृण्मयी_ऑ

रेडिओवर 'टायटल लॉक'च्या जाहिराती असतात, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. तो विमा नाही. फेडरल ट्रेड कमिशननेही तसं बजावलंय. ते फक्त रेकॉर्डवर नजर ठेवून नंतर कळवतात, आणि हेच काम बऱ्याच काउंट्या फुकट करतात. क्लार्कच्या साइटवर ईमेल नोंदवायचा. आई-वडील गेल्यावर रिकामं पडलेलं घर लबाडांच्या नजरेत लवकर येतं, म्हणून ते आजच करा.

आणि मेधा, टायटलच्या आधी घराच्या साध्या विम्याकडे बघ. बाबांच्या नावावरची पॉलिसी कंपनीला कळवल्याशिवाय तशीच चालू ठेवू नकोस. घर ३० किंवा ६० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर बऱ्याच पॉलिसी पाइप फुटणं, तोडफोड असलं काही देत नाहीत. हिवाळ्याच्या आत हे झालं पाहिजे.

देशपांडे_डेलावेअर

आपल्या नावांचा घोळ विसरू नका. डीडवर वडिलांचं नाव मधल्या नावासकट, मृत्यू प्रमाणपत्रावर नुसतं आद्याक्षर, पासपोर्टवर स्पेलिंग तिसरंच. टायटल कंपनी 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र मागते. वडिलांना ओळखणारी माणसं हयात आहेत तोवर करून घ्या. शिवाय जोशी, कुलकर्णी, पाटील असलं आडनाव असेल तर सर्चमध्ये दुसऱ्याच कोणाचे हुकूमनामे आपल्या नावावर दिसतात. ते आपले नाहीत हेही शपथेवर लिहून द्यावं लागतं.

मेधा_ब

सगळ्यांचे प्रतिसाद दादाला वाचून दाखवले. सध्या असं ठरलंय. आत्ता नवी पॉलिसी नाही. १९९६ पासून आजपर्यंतचा सर्च करून घेतोय. एल-९ चा फॉर्म भरून झाला, आईचं प्रमाणपत्र डीडसोबतच नोंदवणार. अप्रेझल पुढच्या आठवड्यात. दादाने आयटिनची चौकशी सुरू केलीय. घराच्या विम्याला फोन केला, मृण्मयी, तू म्हणालीस तेच कलम निघालं. रिकाम्या घराची वेगळी पॉलिसी घेतली. हिस्सा विकत घ्यायचं नक्की झालं की तेव्हा ओनर्स पॉलिसी घेईन.

कोकणकडा

उशिरा आलो धाग्यावर. आमच्याकडेही हेच चाललंय, पण आई-वडिलांची पॉलिसी कुठेच सापडत नाही. क्लोजिंग करणारे वकील आता हयात नाहीत. घर १९८९ चं. आता काय?

वाटाड्या

पॉलिसीचा कागद हरवला म्हणून पॉलिसी संपत नाही. क्लोजिंगच्या वेळचं सेटलमेंट स्टेटमेंट, हड-वन, सापडतंय का बघा. त्या काळच्या फॉर्मवर ११०० च्या ओळी टायटलच्या. ११०९ वर लेंडर्स कव्हरेज, १११० वर ओनर्स कव्हरेज. १११० समोर रक्कम असेल तर ओनर्स पॉलिसी घेतलेली होती, आणि ११०८ वर पैसे कोणाला दिले त्याचं नाव मिळेल. तेही नसेल तर काउंटीतून मूळ डीडची प्रत काढा. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर 'नोंदणीनंतर यांना परत पाठवा' म्हणून बऱ्याचदा टायटल एजन्सीचा शिक्का असतो. एजन्सी बंद झाली असली तरी पॉलिसी मागे असलेल्या मोठ्या अंडररायटर कंपनीची असते. ती विकली गेली असेल तर तिची जबाबदारी आता कोणाकडे आहे हे राज्याचं इन्शुरन्स खातं सांगतं. पत्ता, खरेदीचं वर्ष आणि आई-वडिलांची नावं डीडवर आहेत तशीच देऊन लेखी प्रत मागा, सोबत मृत्यू प्रमाणपत्र आणि वारस असल्याचा कागद जोडा.